आईचं ऑपरेशन आणि विलायतेचा नियम

आमच्या घरात मुलगे दोन. धाकटा डॉक्टर झाला आणि मी पाटबंधारे खात्यात चिकटलो. रत्नागिरीत पाऊस एवढा पडतो आणि इतक्या तातडीने समुद्राला मिळतो की त्याला अडवण्याच्या फायली करण्यातच माझी नोकरी गेली. एखादा थेंब अडला असेलच, तर तो फायलीवर सांडलेल्या चहाचा.

धाकट्याने मुंबईत भूल देण्याचा डिप्लोमा घेतला तेव्हा बाबांचा चेहरा पडला. बाबा हायस्कुलात इतिहास शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना घरात सर्जन हवा होता, निदान डोळ्यांचा तरी.

"म्हणजे तू करणार काय?" त्यांनी विचारलं.

"पेशंटला झोपवणार. ऑपरेशन झालं की उठवणार."

"झोपवायला एवढं शिकावं लागतं?"

"तुम्हाला नाही लागलं, बाबा. इतिहास पुरला," धाकटा म्हणाला.

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी हसलो, पण बेताने. बाबांच्या वर्गात सगळ्यात गाढ झोपणारा मीच होतो.

हे सगळं ऐंशीच्या पुढच्या वर्षांतलं. धाकटा गावी परत आला आणि बाबांना जे कळलं नव्हतं ते गावाला लवकरच कळलं. सर्जन कितीही हुशार असो, भूल देणारा आल्याशिवाय त्याला हात धुऊन बसून राहण्यापलीकडे काही करता येत नाही. आधी तसा डॉक्टर कोल्हापूरहून घाट उतरून यायचा, म्हणजे बरेचदा यायचाच नाही. आता धाकटा स्कूटरवरून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरू लागला. मिरकरवाड्याहून आमच्याकडे मासे घेऊन येणारी बाई एकदा वाट्यावर दोन बांगडे जास्त टाकून आईला म्हणाली, "तुमच्या डाक्टरानं माझ्या घोवाला निजवलान पण आणि उठवलान पण. निजवतात काय, सगळेच."

आईने ते बांगडे बाबांच्या ताटात वाढले आणि कुणामुळे आले तेही सांगितलं. त्या दिवसापासून बाबा भूलशास्त्राबद्दल जरा आदराने बोलू लागले.

आईला बेंबीशी गाठ होती. हर्निया. खोकली की पुढे यायची, हाताने दाबली की आत जायची. आई जुन्या लुगड्याची पट्टी पोटावर आवळून बांधायची आणि त्या पट्टीवर सगळं घर चालायचं. धाकट्याच्या हे लक्षात आलं तेव्हा त्याने सर्जनना घरी आणून दाखवलं. ते म्हणाले, अवघड काही नाही, पण आतडं कधी त्यात अडकलं तर धावपळ होईल, तेव्हा करून टाकू.

"आंबा होऊ दे," आई म्हणाली.

यावर कुणीच वाद घातला नाही. आमच्याकडे आंब्यात कुणी पोट उघडून घेत नाही. आमची कलमं मोजकीच, पण रुबाब मोठा. फळं उतरवायची, पेंढ्यात घालायची, पेट्या भरायच्या, आणि यातलं एकही काम आईशिवाय धड होत नसे. मी मदतीला बसलो की आई मला दुकानात पाठवायची आणि दुकानातून आलो की पुन्हा पाठवायची. तेव्हा ठरलं ते असं की आंबा संपला की ऑपरेशन, आणि भूल धाकट्याने स्वतः द्यायची.

"दुसऱ्या कुणासमोर मी डोळे मिटणार नाही," आईने सर्जनना बजावलं. "परका माणूस. झोपेत मी काय बडबडेन, कुणाला ठाऊक."

त्याच वर्षी शिमग्याला धाकट्याचा एक कॉलेजातला मित्र विलायतेहून गावी आला होता. तो आमच्या पडवीत बसून पुरणपोळी खात म्हणाला, "आता तिकडचं दार लागणार." त्याने समजावून सांगितलं ते मला समजलं एवढं: आतापर्यंत आपले डॉक्टर तिकडे जायचे, इस्पितळात नोकरी धरायचे, नोकरी आहे तोवर राहायचे आणि काही वर्षांनी तिथलेच व्हायचे. आता त्यांचे स्वतःचे डॉक्टर पुरेसे झाले. नियम बदलणार. बाहेरच्या डॉक्टरने शिकण्यापुरतं यायचं, चार वर्षं राहायचं, मग निघायचं. जे आधी पोहोचतील त्यांना जुना नियम लागेल. त्याच्या इस्पितळात भूल देणाऱ्याची जागा होती आणि तिथला मोठा डॉक्टर त्याचं ऐकणारा होता.

आमच्या धाकट्याला विलायतेला जायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याची स्कूटर नवी होती, गावात मान होता, आणि रोज ताजे मासे होते. पण शेवटची एस.टी. सुटतेय असं कुणी ओरडलं की ज्याला कुठेच जायचं नाही तोही पिशवी घेऊन धावतो. दार उघडं होतं तोवर आमच्या घरात कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ते लागणार म्हटल्यावर बाबांना झोप येईना.

"जाऊन तरी ये," ते म्हणू लागले. "नंतर म्हणशील, बापाने अडवलं."

"मी कधी म्हणालो जायचंय म्हणून?"

"तू म्हणणार नाहीस. तुझा स्वभाव आईवर गेलाय."

"आणि माझी गाठ?" आईने विचारलं.

"ती काय पळून जातेय?" बाबा म्हणाले.

महिन्याभरात धाकटा स्वतःच विलायतेतल्या पगाराच्या आणि नव्या यंत्रांच्या गोष्टी बोलू लागला. त्याला दोष कसा देऊ? पंचविशी ओलांडलेल्या माणसाला सगळं घर उठता-बसता एकच गोष्ट सांगत राहिलं, तर ती त्याला आपल्याच मनातली वाटू लागते. तिकीट काढलं. बॅग भरली. आणि इथे बाबांनी पेटीचा मुद्दा काढला.

ज्या मोठ्या डॉक्टरने जागा दिली त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? आमच्या जिल्ह्यात कुठल्याही कामाची पहिली पायरी म्हणजे आंब्याची पेटी. बदली थांबवायची, पेटी. मुलाला बोर्डिंगात घालायचं, पेटी. मला पाटबंधाऱ्यात घेतलं तेही पेटीवर, असं बायको माहेरी सांगते. पण त्या साली मोहोर उशिरा आला होता आणि फळ अजून जून झालं नव्हतं. धाकटा म्हणाला, पेटी राहू दे. बाबा म्हणाले, विलायतेतल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपला हापूस खायचा आणि तो आंबट निघायचा, हे मी जिवंतपणी होऊ देणार नाही. तिकीट पुढे ढकललं. बाबा सकाळ-संध्याकाळ कलमांखाली जाऊन फळं निरखत, जणू काही ती त्यांच्याकडे पाहून लाजून पिकणार होती.

शेवटी एक पेटी तयार झाली आणि धाकटा ती घेऊन विमानात बसला. तो तिकडे उतरला तेव्हा नियम बदलून झाला होता. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला नव्या नियमात धरलं. चार वर्षं. मित्राचं पत्र आलं की थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं. धाकट्याने लिहिलं की मोठ्या डॉक्टरने एक आंबा सालीसकट सुरीने कापला, एक फोड खाल्ली, छान आहे म्हणाला आणि बाकीची पेटी नर्सना देऊन टाकली.

बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नियमाचं त्यांना जेवढं लागलं, त्याहून मला वाटतं त्या सालीचं जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजांवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. इतिहासाचे मास्तर, त्यामुळे मुद्द्यांना तोटा नव्हता.

आई बांगडे साफ करत होती. ती म्हणाली, "म्हणजे चार वर्षांनी त्याला परत पाठवणार?"

"राहू देणार नाहीत म्हणे."

"मग पाठवतीलच की." तिने बांगड्यांवर पाणी ओतलं. "त्यांचं बरोबर आहे. पाहुण्याने किती दिवस राहावं?"

आई मनाशी काय ठरवतेय ते तेव्हा मला कळलं नाही. आंबा संपला, पावसाळा आला, सर्जनचा निरोप आला की कोल्हापूरचे भूल देणारे डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार आहेत, तर आईंना घेऊन या. आईने कळवलं, सवड नाही. दिवाळीनंतर पुन्हा निरोप आला. पुन्हा सवड नाही. मग मी तिला विचारलं.

"मुलगा आला की करीन," ती म्हणाली.

"आई, चार वर्षं आहेत."

"मागची वर्षं दोन बाळंतपणांत गेली, मग कुणाकुणाच्या लग्नात गेली. चार वर्षं काय, जातात."

"गाठ अडकली तर?"

"तिला सांगून ठेवलंय," आई म्हणाली आणि पट्टी आवळली.

अशी आमची आई विलायतेच्या सरकारच्या भरवशावर बसली. जगातल्या कुठल्या सरकारवर कुणी एवढा विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः सरकारी नोकर, मला सरकार आतून ठाऊक. बाबा रेडिओ लावून बसायचे की नियम पुन्हा बदलला का, सवलत मिळते का. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "नाही ना बदलला?" बाबा खिन्नपणे नाही म्हणाले की आतून भांडी जरा हलक्या हाताने वाजायची. शेजारीपाजारी विचारायचे, मुलगा तिकडचाच होणार का हो. बाबा म्हणायचे, बघू, प्रयत्न चाललेत. आई म्हणायची, नाही, त्यांचा कायदा आहे तसा.

गावाचं मात्र काय झालं, ते आम्ही घरात फारसं बोलायचो नाही. धाकट्याच्या जागी कुणी आलं नाही. त्याच्या वर्गातले अर्धेअधिक त्याच घाईत कुठे कुठे निघून गेले होते. सर्जन पुन्हा कोल्हापूरच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागले. पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं ते स्वतःच शिकले आणि त्यात भागेल तेवढं भागवू लागले. ज्यात भागत नसे ते जीपमध्ये घालून घाटावर. बाजारात ते मला दिसले की मी दुकानात शिरायचो. एकदा असा घाईने शिरलो तो बायकांच्या कपड्यांचं दुकान निघालं आणि एक परकर घ्यावा लागला.

दुसऱ्या वर्षी धाकटा लग्नासाठी आठ दिवस आला. मुलगी मुंबईची, डॉक्टरच. हळद लागायच्या आदल्या दिवशी त्याने आईला खोलीत नेऊन गाठ पाहिली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो.

"ही वाढलीय, आई. मी आहे तोवर उरकून टाकू. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी. सर्जनना मी सांगतो."

"आणि लगेच तू विमानात?"

"मग काय झालं? भूल मी देणार ना? तुझी अट तीच होती."

"देशील. उतरेपर्यंत कोण थांबणार?"

"अगं, भूल तासाभरात उतरते."

आईने पट्टी पुन्हा बांधून घेतली. मग म्हणाली, "तू कायमचा आलास की करू. दोनच वर्षं राहिलीत." धाकटा तिच्याकडे बघत राहिला, आणि "बरं" म्हणाला. आईने हे "बरं" जपून ठेवलं. पुढे कधी बाबांशी वाद झाला की ती म्हणायची, "तो मला बरं म्हणालाय."

चौथं वर्ष सरत आलं तेव्हा आईने माळ्यावरची त्याची खाट उतरवून उन्हात टाकायला लावली. खाट उतरवताना माझी कंबर धरली. आठ दिवस तीच खाट मी वापरली.

मग एका रविवारी शेजारच्या वकिलांकडे फोन आला. तेव्हा गल्लीत फोन त्यांचाच. आम्ही सगळे गेलो. फोन आधी बाबांनी घेतला. ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "कॅनडा?" ते म्हणाले. "कायमचं? वा, वा." मग रिसीव्हर आईला दिला. पलीकडे धाकटा मोठ्याने बोलत होता, त्यामुळे मला आणि वकीलवहिनींना सगळं ऐकू येत होतं.

"आई, इथली मुदत संपतेय, पण कॅनडात जागा मिळाली. लहानसं गाव आहे. आपल्या रत्नागिरीएवढंही नसेल. तिथे मैलोन् मैल भूल देणारा डॉक्टर नाही गं. साध्या ऑपरेशनला लोकांना केवढं लांब न्यावं लागतं, बर्फातून. म्हणून त्यांनी आम्हा दोघांनाही कायमचं घेतलं. लोकांचे फार हाल होतात."

आईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुला तर परत पाठवणार होते," ती म्हणाली.

"इथून निघायला सांगतात, आई. कुठे जायचं ते नाही सांगत."

"ते आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"आई, मी येईन ना. सुटी काढून येईन."

"हाल होत असतील तर जायलाच हवं," आई म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला, फोनवर नाही. वकीलवहिनींनी चहा ठेवला होता. बाबांनी दोन कप घेतले आणि कॅनडाची राजधानी कुठली ते वकिलांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तर आई नवं लुगडं नेसून पायरीवर उभी. "मला सर्जनकडे सोड," म्हणाली. तिथे तिने कुणालाही बोलू दिलं नाही.

"करा," ती सर्जनना म्हणाली.

त्यांनी गाठ तपासली आणि चष्मा काढला. "बाई, चार वर्षांपूर्वी हे अर्ध्या तासाचं काम होतं. आता मोठं झालंय. कोल्हापूरला जा, तिथे पुरी भूल मिळेल."

"मला झोपायचंच नाही. ती पाठीतली सुई द्या."

"ही गाठ वर आहे, सुई तिथवर नीट पोहोचली नाही तर ओढ जाणवेल. आणि जाग्या राहाल. सगळं ऐकू येईल."

"मला ऐकायची सवय आहे."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि बाबा बाहेर बाकावर बसलो होतो. बायको आईचे कपडे धरून उभी होती. आत सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात दवाखान्यासमोर जीप थांबली. संगमेश्वराच्या आतल्या गावातला एक शेतकरी सहा-सात वर्षांच्या मुलीला पांघरुणात घेऊन आला. पोरीचं पोट टम्म फुगलं होतं, ओठ कोरडे पडले होते. कंपाउंडरने आत जाऊन सांगितलं. सर्जन हात तसेच वर धरून दारापर्यंत आले आणि लांबूनच तिला पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"तीन दिस झालं, डाक्टर. आमी सकाळधरनं निघालाव."

"हिचं पोट उघडायला लागेल. पण लहान मुलीला अशी सुई देऊन चालत नाही. पुरी झोपवायला हवी. माझ्याकडे झोपवणारा माणूस नाही. असेच कोल्हापूरला जा, मी चिठ्ठी देतो, सलाईन लावून देतो."

"हितंच कायतरी करा वो. घाट चढंपर्यंत ऱ्हाईल का ती?"

सर्जननी कंपाउंडरला मानेने खूण केली. मग त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं, आणि ते आत वळले. कंपाउंडरने सलाईन लावलं, बाटली बापाच्या हातात उंच धरायला दिली, आणि जीप गेली. दार लागलं नव्हतं. आई आत टेबलावर जागी होती.

तिला वॉर्डात आणलं तेव्हा तिने आधी पाणी मागितलं. ते द्यायचं नव्हतं. मग तिने विचारलं, "ती कुठली होती?"

"कोण?"

"मुलगी. आवाज ऐकला मी तिच्या बापाचा."

"संगमेश्वराकडची. कोल्हापूरला नेली."

"पोचली का?"

मी म्हटलं, चौकशी करतो. केलीही. कंपाउंडरला माहीत नव्हतं. जीपवाला पुन्हा या बाजूला फिरकला नव्हता. गावाचं नाव कुणी नीट विचारून ठेवलं नव्हतं. टाके निघेपर्यंत आई रोज विचारायची आणि मी रोज काहीतरी सांगायचो. मी बनवून सांगतोय हे तिला लगेच कळायचं.

भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटायचं, भूल मुलानेच दिली असणार. "तुम्हाला काय, घरचाच डॉक्टर," ते म्हणायचे. बाबा मग कॅनडाचं सांगायचे. आई भिंतीकडे तोंड करून पडायची.

आई घरी आल्यावर धाकट्याचा फोन आला. आई हळूहळू चालत वकिलांकडे गेली. त्याने खूप विचारलं. सुई कुठे दिली, किती वेळ बधिर होतं, रक्तदाब उतरला का, ओकारी झाली का. "दुखलं का गं?" असंही विचारलं.

"नाही दुखलं," आई म्हणाली. आणि मग तिने त्याला त्या मुलीचं सांगितलं. पोट कसं होतं, तीन दिवस कसे काढले होते, बाप काय म्हणाला, सर्जन काय म्हणाले. स्वतःच्या ऑपरेशनबद्दल तिने एवढं कुणालाच सांगितलं नव्हतं.

धाकटा पलीकडे उत्साहाने बोलू लागला. मुलीचं वजन साधारण किती असेल? आधी नाकातून नळी घालून पोट रिकामं करायचं, मग कुठलं औषध, किती, घशात नळी कशी घालायची. साधं यंत्र असतं तरी चाललं असतं. अवघड नाही, तो म्हणाला, अशी मुलं त्याने तिकडे कितीतरी झोपवली होती आणि सगळी उठली होती.

आईने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान येतं हो तुला," ती म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

 मी विचारलं, तिकडे थंडी फार आहे का.  तो म्हणाला, हो, फार.